आदर जरा बाजूला ठेवा

जॅझ अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आमचा एकही टेक, म्हणजे गाण्याचं एकही मुद्रण, वाईट झालं नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती. सगळं जागच्या जागी होतं. डबल बेस माझ्या पियानोच्या मागोमाग चालत होता, ड्रम्स कुठे आवाज चढवत नव्हते, टेनर सॅक्सोफोन माझं वाक्य संपेपर्यंत अदबीने थांबायचा आणि मगच आपलं सुरू करायचा. कंट्रोल रूममध्ये बसून ऐकताना तिघांचे चेहरे समाधानी दिसत होते आणि मला पेंग येत होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दुपारी पेंग येतेच म्हणा, पण ती स्वतःच्या वाजवण्यावर यावी हे काही बरं लक्षण नव्हे.

तिघंही माझ्या निम्म्या वयाची, किंवा त्याहून लहान. कल्पना ड्रमर मुलीची. एका कार्यक्रमात आमचा नेहमीचा ड्रमर आजारी पडला म्हणून ती ऐनवेळी बदली आली होती आणि तालमीशिवाय तिने पूर्ण संध्याकाळ निभावून नेली होती. काही महिन्यांनी तिचा फोन आला.

"सर, एक अल्बम करायचाय. तुम्ही, मी, बेस आणि टेनर."

"गाणी कुणाची?"

"काही तुमची, थोडी स्टँडर्ड्स, एक ब्लूज. आणि एक माझं आहे, ते सात मात्रांत आहे." शेवटचं वाक्य तिने भरभर उरकलं. (स्टँडर्ड्स म्हणजे जॅझवाले पिढ्यानपिढ्या वाजवत आलेली गाणी.)

मी हो म्हणालो, पण मनात शंका होतीच. तरुण मंडळी म्हाताऱ्या वादकाला बोलावतात तेव्हा पुष्कळदा त्यांना कव्हरवर नाव हवं असतं. म्हातारा येतो, ठेवणीतल्या चार जागा वाजवतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात. असे अल्बम माझ्या कपाटात बरेच आहेत, एकदा ऐकून ठेवून दिलेले.

उलटी उदाहरणंही आहेत. सप्टेंबर १९६२ मध्ये पियानोवादक ड्यूक एलिंग्टन बेसवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्याबरोबर स्टुडिओत गेले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. मिंगस ४० चा, रोच ३८ चा. त्यातून निघालेला 'मनी जंगल' हा अल्बम ऐकला की कळतं, त्या दोघांनी वडीलधाऱ्या माणसाला काडीची सवलत दिलेली नाही. शीर्षकाच्या तुकड्यात मिंगस तार अशी खेचून सोडतो की ती आता तुटणार असं वाटतं, आणि एलिंग्टनही पियानोवर तितक्याच दणक्यात उत्तर देतात. मिंगस मधेच बेस आवरून निघाला होता आणि एलिंग्टननी बाहेर जाऊन त्याची समजूत घातली, अशी आठवण सांगतात. त्याच महिन्यात काही दिवसांनी एलिंग्टन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवायला बसले. कोल्ट्रेन नुकताच ३६ चा झाला होता. ते ध्वनिमुद्रण अगदी वेगळ्या प्रकृतीचं, बरंचसं शांत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. समोरचा माणूस आपल्या मापाने वाजवतो आहे, एलिंग्टनसाठी स्वतःला कापून छोटा करत नाहीये.

आमच्याकडे कापाकापी चालली होती. तिची चुणूक तालमीतच दिसली होती. माझ्या एका जुन्या गाण्यावर टेनरवाल्याने सोलोत एक जागा घेतली. स्वर चढत जातात, आता शिखरावर पोचणार असं वाटतं आणि बरोबर एक पायरी आधी वाक्य वळून खाली येतं. ओळखीची वाटली.

"ही कुठून आणलीस?"

"तुमचीच आहे, सर." त्याने रेकॉर्डचं नाव सांगितलं, कितवा कोरस तेही सांगितलं. कोरस म्हणजे गाण्याच्या साच्याचं एक पूर्ण आवर्तन, स्टँडर्ड्समध्ये बहुधा ३२ बारचं, ब्लूजमध्ये १२ चं. (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा खंड.) माझा तो अख्खा सोलो त्याने कानाने उतरवून घेतला होता आणि ही जागा तर बाराही स्वरांतून घोटली होती.

मी त्याला खरी हकीकत सांगितली. त्या स्टुडिओतल्या पियानोचा वरचा एक स्वर मुका होता. पट्टी दाबली की हातोडी उठायची, पण तारेपर्यंत पोचायची नाही. मला वर जायचंच होतं, जाता येईना म्हणून वाक्य वळवलं. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या कोरसला तो पुन्हा तिथूनच वळला. आदर एकदा बोटांत मुरला की असा सहजी निघत नाही.

आता स्टुडिओबद्दल. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ट्यूनर आधीच कामाला लागला होता. पियानो मोठा, जवळजवळ नऊ फुटांचा कॉन्सर्ट ग्रँड. अशा पियानोत २३० च्या आसपास तारा असतात. खर्जात जाड तार एकटी-दुकटी, मध्यावर आणि वर मात्र एकेका स्वराला तीन-तीन. ट्यूनर नमद्याची पट्टी खोचून आजूबाजूच्या तारा बंद करतो, मधली आधी लावतो आणि मग उरलेल्या दोन एकेक करून तिच्याशी जुळवतो. जुळेपर्यंत आवाजात एक हेलकावा ऐकू येतो, आधी जलद, मग संथ, मग अगदी लांबच लांब, आणि मग तो थांबतो. पियानो लावत असताना वादकाने तिथे लुडबुड करू नये असा संकेत आहे. मी तरी एका कोपऱ्यात बसून राहतो. तो हेलकावा थांबताना ऐकला की माझे हात निम्मे गरम होतात. बाकीचे निम्मे गरम व्हायला हल्ली बराच वेळ लागतो, ती गोष्ट वेगळी.

इंजिनियरने मांडणी आजच्या रीतीप्रमाणे केली होती. पियानो मोठ्या खोलीत एकटा, ड्रम्स दुहेरी काचेमागे, बेस एका बंद खोपट्यात, टेनर दुसऱ्यात. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि शेजारी एक छोटा मिक्सर, ज्याला जो आवाज जितका हवा तितका त्याने वाढवून घ्यावा. यामागचं कारण मला मान्य आहे. ड्रम्सचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरला की नंतर वेगळा काढता येत नाही. शिवाय ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या ड्रमचा ठोका पियानोच्या माइकला जवळपास नऊ मिलिसेकंद उशिरा लागतो. एकाच ठोक्याच्या दोन प्रती थोड्या मागेपुढे पडल्या की आवाज गढूळ होतो. म्हणून तर इंजिनियर लोक ढोबळ नियम पाळतात, की वाद्यापासून माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माइक ठेवायचा. तरुणांना हे सगळं अंगवळणी पडलेलं. त्यांचं शिक्षणच या खोपट्यांमधून झालंय.

माझी गोची निराळी होती. या वयात कानांनी वरच्या पट्टीतलं ऐकणं बऱ्यापैकी सोडून दिलेलं असतं. राइड सिंबलवर, म्हणजे लय धरणाऱ्या मोठ्या झांजेवर, काठी पडल्याचा टक् मला येतो, पण त्यामागून जो झगझगीत पसारा उठतो तो आता मला जवळजवळ नाही. त्यामुळे गेली काही वर्षं मी लय डोळ्यांनीही घेतो. ड्रमरच्या उजव्या मनगटाकडे बघतो. ते मनगट खाली येताना दिसलं की ठोका कुठे पडणार ते कळतं. दुहेरी काचेतून मला तिचं मनगट कमी आणि माझ्याच पियानोवरच्या दिव्याचं प्रतिबिंब जास्त दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले होते. एका गाण्याच्या मधल्या भागात बेसवाल्याच्या कागदावर माझ्यापेक्षा वेगळा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा वेगळा गुच्छ, असावा अशी शंका होती, म्हणून मी त्याच्या खोपट्यात शिरलो. आत इंजिनियर सकाळचा टेक परत लावून काही तपासत होता आणि स्टँडवर टांगलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. सहज कानाला लावला. पियानो, पियानो आणि पियानो. ड्रम्स कुठेतरी लांब, आणि त्याचा स्वतःचा बेस जेमतेम असल्यासारखा. मी ड्रम्सच्या खोलीत गेलो. तिच्याही हेडफोनमध्ये पियानो वर, बेस खाली, टेनर त्याहून खाली. टेनरच्या खोपट्यातही तेच. आपल्या जागी परत येऊन माझाही ऐकला, तर त्यातही मीच. पण मला निदान कानांची सबब आहे.

म्हणजे चौघं मिळून एकट्याला ऐकत होतो! मग बेसला ड्रम्सचं उत्तर कसं मिळणार, टेनरने ड्रमरला डिवचावं कसं? वाटेत मी बसलोय.

मंडळी परतल्यावर मी म्हणालो, "हेडफोन काढूया. सगळे या खोलीत या."

शांतता. मग टेनरवाला हळूच म्हणाला, "सर, पण मग नंतर काही दुरुस्त करता येणार नाही."

"नाही येणार."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण माझ्या पिढीतले लोक या विषयावर फार थापा मारतात. जुन्या काळी सगळं एका दमात वाजायचं, काटछाट नावाची गोष्टच नव्हती, हे साफ खोटं आहे. टेप आली तशी ब्लेडही आली. पियानोवादक थेलोनियस मंकच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स' अल्बमचा शीर्षकाचा तुकडा १९५६ मध्ये एकाही टेकमध्ये नीट शेवटाला गेला नाही. सॅक्सोफोनवर सॉनी रोलिन्स आणि ड्रम्सवर मॅक्स रोच असूनही नाही गेला, इतका तो अवघड. शेवटी निर्माते ओरिन कीपन्यूज यांनी टेकचे भाग जोडून तो तयार केला. तेव्हा मला एका खोलीत बसायचं होतं ते शुद्धतेच्या सोवळ्यासाठी नाही. मला त्या तिघांच्या हातातलं माझा आवाज वाढवायचं बटण काढून घ्यायचं होतं.

इंजिनियर शहाणा निघाला. एकदा ठरल्यावर त्याने कुरकूर केली नाही. ड्रम्सभोवती कमरेएवढे गादीचे पडदे उभे केले, पियानोचं झाकण छोट्या दांडीवर आणलं, माइक हातोड्यांच्या जवळ सरकवले. बेसवाल्याला पियानोच्या वळणात उभं केलं, टेनरला समोर. ड्रमरची जागा मी ठरवली, पडद्यावरून तिचं उजवं मनगट दिसेल अशी. निम्मी दुपार यातच गेली आणि निर्मितीचे पैसे मोजणाऱ्या माणसाचा चेहरा पडला.

एका खोलीतला पहिला टेक भयंकर झाला. आता ड्रम्स खरोखरच ऐकू येत होते, त्यामुळे मी घाबरून पियानो बडवत सुटलो, मी बडवतोय म्हणून ती दबली, ती दबली म्हणून बेस दबला. पण निदान काहीतरी घडत तरी होतं. पेंग उडाली होती.

दोन गाणी झाल्यावर बेसवाला माझ्या बाकाजवळ आला. बोलू की नको अशा चेहऱ्याने.

"सर, खालचे स्वर माझ्यासाठी सोडाल का?"

मी कित्येक वर्षं बरेच कार्यक्रम एकट्याने केलेत. एकट्याने वाजवताना कॉर्डचा मूळ स्वर डाव्या हातालाच द्यावा लागतो, नाहीतर इमारतीला पायाच राहत नाही. सी सेव्हन हा कॉर्ड असला की डावा हात आपोआप खाली जाऊन सी धरतो. पण बाजूला बेस असेल तर तो सी त्याच्या मालकीचा. मी तो आधीच धरून बसलो की बिचाऱ्याला दोनच मार्ग उरतात, तोच स्वर वाजवून माझ्या हो ला हो मिळवायचं किंवा वेगळा वाजवून भांडण काढायचं. हा मुलगा सकाळपासून हो ला हो मिळवत होता. मी मूळ स्वर सोडला आणि डाव्या हातात बी फ्लॅट, डी, ई, ए एवढंच ठेवलं. त्यात सी कुठेच नाही, पण बेसने सी दिला की पूर्ण रंग उमटतो. त्याने सी च्या ऐवजी एफ शार्प दिला तर त्याच चार स्वरांचा रंग पार बदलतो. आणि त्याने पुढच्याच कोरसला तसं केलं! मी मान वर करून पाहिलं, तर गडी छताकडे बघत उभा.

पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटात बेसवादक स्कॉट लाफारो असाच मोकळा वाजवायचा. व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं त्यांचं गाजलेलं ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ चं आहे. लाफारो २५ वर्षांचा होता आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ जुलैला, मोटार अपघातात गेला. त्या टेप ऐकताना लोक एव्हान्सच्या उजव्या हाताचं कौतुक करतात. मी तरुणपणी डावा हात ऐकायचो, तो किती कमी वाजवतो ते. एव्हान्सने खालची जागा रिकामी ठेवली नसती तर लाफारोला फिरायला अंगणच मिळालं नसतं. हे मला ठाऊक होतं, पण माझ्याकडे तशी जागा मागायला कुणी आलं नव्हतं.

ब्लूज दुसऱ्या दिवशी झाला. मध्यम लय, मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास, साधा एफमधला. पहिला सोलो माझा. दुसऱ्या कोरसच्या शेवटी माझी एक ठरलेली जागा येते. ती इतक्या वेळा वाजवली आहे की ती येताना मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करू शकतो. ती जागा आली की ड्रमर मंडळी सहसा स्नेअर ड्रमवर एक छोटीशी फिरकी टाकून शाबासकी देतात. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिने दोन्ही काठ्या उचलल्या आणि मांडीवर ठेवल्या. पायाखालची हाय-हॅट नावाची झांजांची जोडीसुद्धा बंद. बेसवाल्याने तिच्याकडे पाहिलं, एक क्षण विचार केला आणि तारांवर पंजा ठेवून तोही थांबला.

टेप चालू, पियानो उघडा आणि पुढे बारा बार. (टेप म्हणायची सवय जात नाही, असतो तो संगणकच.) ठरलेल्या जागेनंतर काय वाजवायचं ते माझं ठरलेलं नव्हतं, कारण तिथे नेहमी टाळ्या तरी असतात किंवा ड्रम्स तरी. आदल्या दिवशी ज्यांना सोडचिठ्ठी दिली होती ते खालचे स्वर डाव्या हाताला परत शोधावे लागले. चौथ्या बारपर्यंत मला राग आला होता. आठव्यापर्यंत मी राग विसरलो होतो, कारण उजव्या हातात असं काहीतरी आलं होतं जे मी याआधी कधी वाजवलेलं नव्हतं, एक वेडंवाकडं तीन स्वरांचं वाक्य, दर वेळी अर्ध्या मात्रेने पुढे सरकणारं. बाराव्या बारच्या चौथ्या मात्रेनंतर, पुढची सम यायच्या अर्धा श्वास आधी, तिने सिंबलवर असा घाव घातला की मी बाकावरून उडालो. बेस आत आला. आणि टेनरने, त्याची पाळी यायला अजून एक कोरस बाकी असताना, माझं वाक्य मधूनच तोडून आपलं सुरू केलं. माझंच तीन स्वरांचं वाक्य, पण उलटं.

टेक संपल्यावर कुणी काही बोलेना. मग ती म्हणाली, "सर, चाललं ना?"

"मला विचारू नकोस."

"म्हणजे चाललं."

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने १९६३ मध्ये ड्रमर टोनी विल्यम्सला आपल्या बँडमध्ये घेतलं तेव्हा तो १७ वर्षांचा पोरगा होता आणि माइल्स त्याच्या दुप्पट वयाचा. टोनी मागून इतके धक्के द्यायचा की पुढच्याला झोपायची सोय नव्हती. तरुण ड्रमर ठेवण्याचा फायदा हाच. लय चांगली सांभाळणारे म्हातारे ड्रमर हवे तितके मिळतात.

सातातल्या गाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी कर्तबगारी थोडी आहे. आपल्याकडे सात म्हटलं की कानात रूपक वाजतो, तीन-दोन-दोन. तिचं गाणं चार-तीन असं पडत होतं आणि काही बारांत तीन-चार. मी मनातल्या मनात आकडे मोजत वाजवत होतो आणि तसंच ऐकू येत होतं, हिशेबनीसाने वाजवल्यासारखं. बेसवाला म्हणाला, "मोजू नका. माझी ओळ मनात गा, ती संपली की बार संपतो." त्याची ओळ मी पाठ केली, शब्दशः गुणगुणलो, आणि आकडे सुटले. सोलो मात्र मी छोटाच घेतला. तो टेनरला जास्त शोभतो.

बॅलडला, म्हणजे संथ गाण्याला, वेळ लागला. मिनिटाला ५६ अशी लय म्हणजे दोन ठोक्यांमध्ये एक सेकंदाहून जास्त अंतर, आणि त्या अंतरात प्रत्येकाची वेगळी घाई दिसते. टेनरवाल्याला टेकमागून टेक हवे होते. प्रत्येक टेकनंतर तिघं कंट्रोल रूममध्ये जाऊन स्क्रीनवरच्या लाटा बघत बसायचे. इथे बेस थोडा मागे पडलाय, इथे श्वास मोठा आलाय. खरंच मागे पडला होता, पण कानाला तो छान वाटत होता. शेवटी मी इंजिनियरला म्हटलं, ऐकताना तो पडदा बंद कर. पडदा बंद झाल्यावर चर्चा निम्मी झाली आणि सगळ्यांना एकच टेक आवडला, आधी नापास केलेला.

त्या टेकमध्ये एक भानगड होती. मी वाजवताना गुणगुणतो. गुणगुणतो म्हणजे घशातून एक घोगरा आवाज काढतो, सुरात असेलच अशी खात्री नाही. बड पॉवेल, एरल गार्नर या पियानोवादकांच्या रेकॉर्डवरही असा आवाज ऐकू येतो, त्यामुळे परंपरा मोठी आहे. पण मला तो नको होता. तिघं एकदम म्हणाले, राहू द्या सर, तेच तर अस्सल आहे. घ्या! पुन्हा आदर. मी म्हणालो, काढा. इंजिनियरने शांतपणे सांगितलं की तो पियानोच्याच माइकमध्ये आहे, काढायचा तर पियानोही थोडा जाईल. एका खोलीचा हट्ट माझाच. घोगरा आवाज अल्बममध्ये आहे.

क्रम लावताना मला जुन्या सवयीचा उपयोग झाला. विनाइलची तबकडीही काढायची होती. एलपीच्या एका बाजूला आवाज दमदार ठेवायचा तर वीसेक मिनिटांच्या फार पुढे जाता येत नाही. शिवाय सुई आत आत सरकते तसा तबकडीचा घेर लहान होतो. फेरे तेवढेच, पण सुईखालून जाणारं अंतर कमी, आणि वरच्या पट्टीतला बारीक आवाज फाटायला लागतो. म्हणून झगझगीत सिंबलचं गाणं बाजूच्या शेवटी टाकायचं नसतं, तिथे शांत गाणं बरं. बॅलड पहिल्या बाजूच्या शेवटी गेलं ते एवढ्यासाठी. समीक्षकांनी त्यात हवा तो अर्थ शोधावा.

कव्हरवरून मात्र वाजलं. त्यांना माझं नाव मोठ्या अक्षरात वर हवं होतं आणि खाली बारीक अक्षरात तिघांची. मी म्हटलं, चारही नावं एकाच मापात, वर्णानुक्रमाने. तिने लगेच वर्णानुक्रम लावून पाहिला आणि त्यातही माझंच नाव पहिलं येतंय हे दाखवलं. मग उलटा लावा, म्हटलं. बरीच घासाघीस होऊन उलटा लागला.

परवा तिने नवीन गाणं पाठवलंय. लय मिनिटाला ३००. मी कळवलं की या बोटांना आता २२० च्या वर पळवत नाही, जरा उतरव. तिचं उत्तर आलं, "नाही उतरवणार. तुम्ही निम्म्या लयीत वाजवा, आम्ही दुपटीत राहतो." युक्ती जुनीच आहे, पण निम्म्या लयीत डावा हात उघडा पडतो आणि बेसवाल्याने खालच्या जागेचा ताबा घेतलेला आहेच. सध्या वरच्या दोन सप्तकांतच डावा हात बसवून पाहतोय. पहिले आठ बार जमले आहेत, पुलाचा भाग, म्हणजे गाण्याचा मधला वेगळा तुकडा, अजून नाही.